भात टाकू नका, एवढंच कळवायला केलेला फोन

आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं आणि कुणी सहलीलाही गेलं नव्हतं. पहिली गोष्ट मी एकट्याने जमवली. दुसरीसाठी एक मेंबरशिप, एक अमावास्या आणि एक फोन लागला.

गोडदेवला एका खोलीत आम्ही सहा माणसं राहायचो. बाबा भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिश मारायचे. सकाळी गोरे जायचे, संध्याकाळी काळे यायचे. (आई म्हणायची, मी तोंड बघत नाही, खोकला ऐकून दार उघडते.) सुट्टी म्हणजे गाव. मे महिन्यात संगमेश्वरच्या पुढे आमच्या वाडीत जायचं, कौलं परतायची, लाकडं फोडायची, कंबर मोडून परत यायचं आणि शेजाऱ्यांना सांगायचं, "काय मस्त आराम झाला!"

कारखान्यात बाबांच्या शेजारच्या मोटरवर हिमाचलचा एक कामगार होता. तो जेवणाच्या सुट्टीत बर्फाच्या गोष्टी सांगायचा. आमच्याकडे छपरावर माणूसभर बर्फ पडतो, दार उघडत नाही, वगैरे. बाबा तापलेल्या चाकासमोर दिवसभर उभे राहायचे. त्यांच्या डोक्यात तो बर्फ जाऊन बसला तो बसलाच. तो माणूस गावी परत गेला, पण बाबांचे प्रश्न संपेनात. आता उत्तरं द्यायला घरात मी होतो.

"बाबू, बर्फ पडताना आवाज येतो काय रे?"

"नसावा येत."

"पायाखाली घसरतो की रुततो?"

"दोन्ही असेल."

"आणि वास? वास असतो काय त्याला?"

तेव्हा मी बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि मला सगळं माहीत होतं. "बाबा, बर्फ म्हणजे पाणी. पाण्याला वास नसतो."

"तू घेतलायस हुंगून?"

"नाही."

"मग कशाला बोलतोस?"

यावर विद्यापीठाने मला काही शिकवलेलं नव्हतं. पण मी मनात ठरवून टाकलं, बाबांचे गुडघे आहेत तोवर त्यांना बर्फापुढे उभं करायचंच.

यथावकाश मी पास झालो, नोकरीला लागलो, लग्न झालं, आणि आम्ही भाईंदरातच जेसल पार्कला वन रूम किचनमध्ये राहायला आलो. दारावरच्या पाटीवर मी नावापुढे बी. कॉम. लिहून घेतलं. आई म्हणाली, बापाचंही नाव टाक. टाकलं. त्यांच्या नावापुढे लिहायला काही नव्हतं, म्हणून पेंटरने एक गुलाबाचं फूल काढून दिलं.

आणि मग तो फोन आला. "अभिनंदन सर! लकी ड्रॉमध्ये तुमचं नाव निघालंय! सपत्नीक या आणि डिनर सेट घेऊन जा!" हायवेवरच्या एका हॉटेलात बोलावलं होतं. सपत्नीक म्हणजे किती माणसं हे स्पष्ट नसल्यामुळे मी, माझी बायको मंगल, आमची पिंकी, आई आणि बाबा असे पाचही जण गेलो.

टाय लावलेल्या एका मुलाने आम्हाला योजना समजावली. एका हिल स्टेशनच्या रिसॉर्टमध्ये दर वर्षी एक आठवडा आपल्या मालकीचा. तो नको असेल तर एक्स्चेंज कंपनीकडे द्यायचा आणि त्याबदल्यात भारतात कुठेही दुसऱ्याने दिलेला आठवडा घ्यायचा. माझ्या खिशाला परवडणारा आठवडा तिसावा होता. म्हणजे जुलैचा शेवट. म्हणजे धो धो पाऊस आणि दरडी. म्हणजे तो एक्स्चेंजला देण्यापलीकडे त्याचा काही उपयोगच नव्हता!

मला ते समजायला अर्धा तास लागला. बाबांना दोन मिनिटं. "आपल्याकडे लावणीला करतात तसंच ना? आज तू माझ्या शेतात ये, उद्या मी तुझ्या शेतात येतो. ज्याच्या शेतात जाल त्याने जेवण द्यायचं."

"एक्झॅक्टली अंकल!" टायवाला म्हणाला. (हा 'एक्झॅक्टली' पुढे आम्हाला नडला.)

करार इंग्रजीत होता. चोवीस पानं. टायवाला म्हणाला, "घरी नेऊन सावकाश वाचा हवं तर." घरी नेऊन? आईबापासमोर? मी खिशातून पेन काढलं, प्रत्येक पानावर नजर फिरवली, मान हलवली आणि सही केली. वाचलं नाही असं नाही. इंग्रजी वाचलं, अर्थ पुढे कधीतरी वाचायचा ठेवला. तोवर बाबांनी डिनर सेटमधली थाळी उलटी करून नखाने टिचकी मारली होती.

"हलका पत्रा आहे," ते म्हणाले. "आणि पॉलिश आमच्या गल्लीतली."

पहिल्या वर्षी काही मिळालं नाही. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात मनाली मिळालं! शनिवार ते शनिवार, दोन खोल्या, स्वयंपाकघरासकट. मी ती बातमी घरात सांगितली, ऑफिसात सांगितली, जिन्यात सांगितली, आणि तरी कुणी राहिलं असेल म्हणून सोसायटीच्या नोटीस बोर्डावर 'दुसऱ्या मजल्यावरील कुटुंब मनाली येथे जात असल्याने आठ दिवस पाणी सोडू नये' अशी नोटीस लावली. समोरच्या मेहताभाभींनी चार स्वेटर आणि दोन माकडटोप्या आणून दिल्या. "सुरेशभाई, उधर बहोत ठंड होती है. बाबूजी को ये पहनाना, ये प्योर वूल है." बाबांनी टोपी तिथेच घातली. मे महिन्यात. भाईंदरला.

निघायला आठ दिवस उरले असताना आईने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

"गुरुवारी निघायचंय म्हणालास ना?"

"हो."

"गुरुवारी अमावास्या आहे."

मी पदवीधर माणूस. अमावास्या वगैरे मानत नाही. पण आई मानते आणि आईला मी मानतो. दोन तास रांगेत उभा राहून तिकिटं बदलली आणि शुक्रवारची काढली. म्हणजे आता आम्ही शनिवारऐवजी रविवारी पोचणार. एवढंच. बाकी सगळं जागच्या जागी! पण बाबा अस्वस्थ.

"त्यांना कळवलंस काय?"

"कुणाला?"

"मनालीवाल्यांना. शनिवारी रात्री आपण जेवायला नाही म्हणून."

"बाबा, रिसॉर्ट आहे तो. उशिरा गेलं तरी चालतं."

"रिसॉर्ट असूदे नायतर महाल असूदे. पाच माणसांचा भात टाकतील ती माणसं. वाट बघत बसतील. कळवून टाक."

लावणीला माणूस येणार नसेल तर आदल्या दिवशी सांगावा धाडायचा. आमच्या वाडीत याच्यावरून माणसं एकमेकांशी वर्षानुवर्षं बोलत नाहीत. मलाही ते पटलं. खरं सांगायचं तर फोनवर इंग्रजी बोलायची संधी होती, आणि घरची सगळी मंडळी समोर बसलेली होती. मी फोनचा स्पीकर लावला.

पलीकडे एक्स्चेंज कंपनीची एक गोड आवाजाची मुलगी होती. मी इंग्रजीत सुरुवात केली, तिने मराठीत उत्तर दिलं. तिथेच माझा थोडा मूड गेला.

"सर, म्हणजे तुम्ही शनिवारी चेक-इन करणार नाही आहात?"

"नाही."

"रविवारी करणार?"

"करेक्ट."

"सर, तुम्ही बुकिंगमध्ये बदल मागताय. कन्फर्म करू?"

मी बाबांकडे बघितलं. बाबांनी मान हलवली. मी छातीत हवा भरून म्हणालो, "कन्फर्म!"

टक टक टक असा आवाज आला. "ओके सर. चौदा दिवसांच्या आत बदल मागितला की ते लेट कॅन्सलेशन धरलं जातं. तुमचं बुकिंग रद्द झालंय. आणखी काही मदत करू शकते?"

नीट ऐकू यावं म्हणून मी पंखा बंद केला.

"अहो मॅडम, मी रद्द नाही केलं! मी फक्त कळवलं!"

"हो सर. कळवलं म्हणूनच रद्द झालं."

"आणि नसतं कळवलं तर?"

"तर तुम्ही रविवारी गेला असता, सर. खोली तुमचीच होती."

मंगलने कपाळाला हात लावला. आमची पिंकी तेव्हा आठ वर्षांची होती, ती म्हणाली, "पप्पा, परत सांगा ना त्यांना, आम्ही शनिवारी येतो म्हणून." पोरीचं डोकं चांगलं होतं. मी लगेच तेच सांगितलं.

"सॉरी सर. तो आठवडा दुसऱ्या मेंबरला गेला."

"आत्ता? आपण बोलत असताना?"

"मे महिना आहे ना सर. वेटिंगवर माणसं असतात."

इथे मला, खरं सांगतो, रागापेक्षा कुतूहल वाटलं. "म्हणजे लोक असं शेवटच्या क्षणी रद्द करतात नेहमी?"

"रोज, सर! त्यांच्याच तर रद्द झालेल्या आठवड्यांची माझ्याकडे यादी असते. आज त्यातला एखादा घेतलात तर तुमचा आठवडा वाया जाणार नाही. बघू का?" टक टक टक. "एकच आहे सर, पण छान आहे. सी-फेसिंग, बाल्कनी, शुक्रवारपासून. उत्तन."

"कुठलं उत्तन?"

"सर, मुंबईजवळ भाईंदर म्हणून एक स्टेशन आहे. तिथे उतरायचं. बाहेर बस मिळते, रिक्षाही मिळते."

मी स्पीकर बंद केला. उशीर झाला होता, सगळ्यांनी ऐकलं होतं.

मनालीत दुसरी जागा परवडणारी नव्हती. आठवडा सोडवत नव्हता. आणि नोटीस बोर्डावर नोटीस लागलेली होती! शेवटी मी घरातला शिकलेला माणूस म्हणून निर्णय दिला: उत्तनला जायचं, पण मनालीला जातोय असं जायचं. बाबांनी फक्त डोक्यावरची माकडटोपी काढून घडी घातली आणि माझ्या हातात दिली. ते मला फार लागलं.

शुक्रवारी सगळा मजला निरोपाला खाली उतरला. मेहताभाभींनी चार दिवसांचे ठेपले दिले. आणि मेहताभाई म्हणाले, "सामान ज्यादा है, मैं स्टेशन तक आता हूँ." नको नको म्हणेस्तोवर ते रिक्षात पुढे बसले सुद्धा! स्टेशनवर त्यांनी आम्हाला गाडीत चढवलं, खिडकीतून हात हलवला. आम्ही मीरा रोडला उतरलो, उलट्या गाडीने परत भाईंदरला आलो, तोंडावर रुमाल धरून पश्चिमेला बाहेर पडलो आणि उत्तनची बस पकडली. पाऊण तासात मनाली आलं.

रिसॉर्ट झकास होतं. पण आम्ही फरारी! तीन दिवस खोलीतून समुद्र बघितला. मंगल म्हणाली, "समुद्र आपलाच आहे, पडदे तेवढे चांगले आहेत." बाबांना मात्र सगळ्याची चौकशी. त्यांनी मॅनेजरला विचारलं, आमच्या आधी ही खोली कुणाची होती? मॅनेजरने वही बघितली. "सिमल्याची फॅमिली होती, काका. समुद्र बघायला येणार होते. दहा दिवस आधी रद्द झालं."

"बिचारे," बाबा हळहळले. "त्यांनी पण कळवायला फोन केला असणार."

चौथ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघराच्या बाजूला पेपर मागायला गेलो आणि समोर मासळीची पाटी डोक्यावर घेऊन मार्थामावशी! ही उत्तनशेजारच्या चौक गावची. आठवड्यातून तीन दिवस आमच्या जेसल पार्कच्या बिल्डिंगमध्ये मासे विकायला येते. मी खांबामागे लपायला गेलो, पण खांब बारीक होता आणि मी तेव्हाही नव्हतो.

"अगो बाय! तुमी मनालीला गेलते ना? मंग हय काय करताव?"

"हळू, मावशी! सांगतो सगळं. पण बिल्डिंगमध्ये बोलू नका."

"मी कोनाला सांगनार न्हाय," ती म्हणाली. एवढ्यात बाबा मागून आले आणि त्यांनी मी काही बोलायच्या आत सगळं सांगितलं. अमावास्या, भात, फोन, कन्फर्म. मार्थामावशीने पाटी खाली ठेवली आणि पोट धरून हसली. मग एकदम थांबली.

"पन बाबा, मनालीला तुमाला पायजेल काय व्हतं?"

"बर्फ बघायचा होता," बाबा म्हणाले. लहान आवाजात.

"बरफ? आन् त्याच्यासाटी मनाली? बरफ आमच्याकडं हाय! चला!"

आणि आम्ही गेलो. चौकच्या बंदरावर होड्या समुद्रात जायच्या तयारीत लागल्या होत्या. बर्फाच्या लाद्या एका यंत्रात टाकत होते आणि पलीकडून पांढरा भुगा उडून होडीच्या पोटात ढिगाने पडत होता. चारी बाजूंना पांढरं! बाबा बघत राहिले. मग पिशवीत हात घालून त्यांनी मेहताभाभींचं स्वेटर काढलं, माकडटोपी चढवली ("बर्फात असंच जायचं असतं") आणि मार्थामावशीच्या नवऱ्याचा हात धरून थेट त्या ढिगात उतरले. अर्ध्या पोटरीपर्यंत!

"रुततो रे! घसरतोही! आणि आवाज येतो, चर्र चर्र!" वीस वर्षांचे प्रश्न पाच मिनिटांत सुटले. त्यांनी ओंजळ भरून बर्फ नाकाशी नेला आणि विजयी मुद्रेने माझ्याकडे बघितलं.

"आहे! वास आहे! मी म्हणत होतो!"

होडीच्या त्याच कप्प्यात काल सकाळपर्यंत बोंबील होते, हे मी सांगू शकलो असतो. नाही सांगितलं. मी फोटो काढला.

शुक्रवारी घरी परतलो. मजला जमला. फोटोत बर्फ, स्वेटर, टोपी, बाबांचं हसू, सगळं मनालीसारखं. एका कोपऱ्यात पापलेट आलं होतं, पण मेहताभाभी शुद्ध शाकाहारी! "ये सफेद पत्थर कितना सुंदर है," त्या म्हणाल्या. मी सुटकेचा श्वास टाकला आणि स्वेटर परत केलं.

भाभींनी सवयीने ते नाकाशी नेलं. त्यांचा चेहरा मी अजून विसरलो नाही.

"सुरेशभाई... ये कैसी बास आती है?"

"बर्फ की, भाभी," मी म्हणालो. मी बी. कॉम. आहे. "उधर के बर्फ की ऐसी ही बास होती है."

"हो, असते!" बाबा उत्साहाने म्हणाले. "मी स्वतः घेतली!"

त्याच वेळी जिन्यातून हाक आली, "पापलेऽऽट!" मार्थामावशी वर आली, गर्दी बघून थबकली, आणि वचनाला जागून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी कोनाला सांगलं न्हाय हां, तुमी उत्तनला व्हते ते!"

पुढचं वर्षभर बिल्डिंगमधली पोरं मला मनालीकाका म्हणायची. मेहताभाभींनी ते स्वेटर चार वेळा धुतलं आणि शेवटी बाबांनाच भेट दिलं. नोटीस बोर्डावरची माझी नोटीस मात्र सेक्रेटरीने मुद्दाम दिवाळीपर्यंत काढली नाही.

बाबांच्या लेखी विषय मिटला होता. माझ्या लेखी नव्हता. मी ती चोवीस पानं डिक्शनरी घेऊन, अर्थासकट वाचली. (अट सातव्या पानावर होती. तिच्याखाली माझी सही होती. सही सुरेख होती.) तीन वर्षांनी पुन्हा मे महिन्यात मनाली मिळालं. कॅलेंडर आधी आईला दाखवलं. तरी वाटेत गाडी रखडली आणि आम्हाला एक दिवस उशीर झालाच. मी कुणालाही फोन केला नाही. पोचलो तर खोली आमचीच होती.

दारात म्हातारा स्वयंपाकी उभा होता. "कल रात आप लोगों के लिए चावल रखा था, साहब. देर तक राह देखी. एक फोन कर देते."

बाबांनी माझ्याकडे जे बघितलं, ते लिहिता येणार नाही. मग ते त्याला म्हणाले, "बचा होगा तो वही दे दो." आणि आम्ही पाचही जणांनी कालचा भात खाल्ला.

दुसऱ्या दिवशी वर डोंगरात गेलो. बाबा तेच स्वेटर घालून खऱ्या बर्फात उभे राहिले. मग वाकून मूठभर बर्फ घेतला, नाकाशी नेला. डोळे मिटले. पुन्हा हुंगला. मी वाट बघत होतो. तेवीस वर्षांपूर्वी कॉलेजात शिकणाऱ्या एका पोराने दिलेलं उत्तर बरोबर निघणार होतं.

"वास नाही रे याला," बाबा म्हणाले.

"मी म्हणालो होतो ना, बाबा!"

त्यांनी मूठ माझ्यापुढे धरली. "म्हणाला होतास. पण आधी हुंगून बघ, मग म्हण."

मी हुंगला. नव्हता. स्वेटरला मात्र अजून होता.